अडीच मिनिटांचा ट्रेलर आणि दोन तालुके

हार्ड डिस्क भरली की फुटेज उडवता येतं, किस्से उडवता येत नाहीत. बारामतीत माझं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती लग्नं कापली आणि किती जोडली याची गणती नाही. जुनी उडवतो, नवीन भरतो. पण दुकानात चहाला कुणी आलं की खुर्चीत टेकायच्या आधी म्हणतं, "राजाभाऊ, ते पिक्चरचं सांगा की!" आणि एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून चार येतात.

पिक्चरचं नाव ‘चारी नंबर सतरा’, चारी म्हणजे कॅनॉलचं पाणी शेतापर्यंत नेणारा पाट. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांचं भांडण, आणि त्याच दोन घरांतल्या पोरापोरीचं लग्न. डायरेक्टर आमचा अमोल, पणदऱ्याचा. शूटिंग सगळं इथलंच, आणि हिरो-हिरॉइन सोडले तर माणसंही इथलीच. पिक्चर पुण्याच्या एका एडिटरनं कापून दिला, पण ऐन ट्रेलरच्या वेळी त्याला दुसरं काम लागलं. अमोल माझ्याकडे आला. म्हणाला, "राजाभाऊ, तुमी लग्नाचे ट्रेलर करताच की!"

ते खरं होतं. हल्ली नवरा-नवरीचा ट्रेलर निघाल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही.

बारामतीतल्या एका थिएटरनं पिक्चरला शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, दुपारी बाराचा एकच शो दिला होता. लोक आले तर सोमवारपासून संध्याकाळी सहाचा शो आणि पुढचा सगळा आठवडा. नाही आले तर सोमवारी तिथं दुसरा पिक्चर लागणार. आणि अमोलच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला बजावून ठेवलं होतं, "रविवारपतूर काय करायचं ते कर. सोमवारी संध्याकाळी सहाच्या पाळीला दुधाच्या चिलिंग सेंटरवर हजर व्हायचं. सायबाशी बोलून ठेवलंय मी." पिक्चर करण्यात अमोलची चार वर्षं गेली होती. त्या चार वर्षांत तात्या पिक्चरबद्दल एवढं एकदाच बोलले होते. म्हणून सोमवार हा शब्द कुणी काढला की अमोल उठून पाणी प्यायचा.

*

पहिला ट्रेलर मी दोन दिवस बसून कापला. चार मिनिटांचा झाला. सुरुवातीला भांडण, मग पोरीचं रडणं, मग सनई, मग अक्षता, आणि शेवटी दोन्ही व्याही कॅनॉलच्या दारावर एकमेकांना मिठी मारतात. मला स्वतःला तो इतका आवडला की मी तो अमोलला दाखवताना दुकानातले दिवे बंद केले.

दिवे लावले तेव्हा अमोल कपाळाला हात लावून बसला होता.

"राजाभाऊ, शेवट दाखवलात! आता लोकं थेटरात कशाला येतील?"

मी म्हणालो, "लग्नात नवरीच्या गळ्यात माळ पडणार हे सगळ्यांना माहीत असतंय. तरी हजार माणूस येतंयच की!"

"ते जेवायला येत्यात!"

मग त्यानं मला ट्रेलरची रीत समजावून सांगितली. भांडण दाखवायचं, आणि ते रंगात आलं की तिथंच कापायचं. मिटलं का नाही, ते बघायला माणूस तिकीट काढतो.

"एवढंच ना? मग ते मला येतंय," मी म्हणालो. "मानपानावरनं भांडण सुरू झालं की आमी पण तिथंच कापतो. एकोणीस वर्षं तेच करतोय!"

*

ट्रेलरला भारदस्त आवाज पाहिजे, असं अमोलचं म्हणणं होतं. मुंबईचा आवाज परवडणारा नव्हता. मी म्हणालो, आपल्याकडे पोपटराव आहेत की. पोपटराव बैलगाडी शर्यतीचं समालोचन करतात. त्यांचा आवाज भोंगा बंद असला तरी दोन शेतांपलीकडे जातो.

कागदावर फक्त तीन वाक्यं होती. ‘एक चारी. दोन घरं. आणि मोडलेला एक शब्द.’ प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद थांबायचं होतं. पोपटरावांनी माईक हातात घेतला आणि तिन्ही वाक्यं एका दमात अशी काही फेकली की माझा मीटर लाल झाला. अकरा वेळा रेकॉर्डिंग केलं. अकराही वेळा तेच.

अमोल हात जोडून म्हणाला, "पोपटराव, मधी थांबायचं हो!"

"थांबलो तर बैल म्होरं जात्यात!" पोपटराव म्हणाले.

शेवटी तसाच आवाज लावला आणि ट्रेलर अडीच मिनिटांवर आणला. पहिल्या दिवशी एलईडी व्हॅन घेऊन आम्ही इंदापूरकडच्या एका गावात गेलो. व्हॅन म्हणजे टेम्पोवर बसवलेला मोठा पडदा आणि चार स्पीकर. निवडणुकीत ती पुढाऱ्यांकडे असते, एरवी मोकळी असते. ड्रायव्हर हणमंत. पोपटरावांचा आवाज रानात घुमला आणि वीस मिनिटांत एक पिकअप धुरळा उडवत आली. मागं झूल घातलेली खोंडांची जोडी, पुढं तीन माणसं गुलाल घेऊन.

"मैदान कुठं हाय?"

हणमंत शांत माणूस. त्यानं पडद्याकडे बोट केलं. "हितंच. बसा."

तिघंही खाली बसले, ट्रेलर सगळा बघितला, हिरॉइन रडली तेव्हा एकानं टोपी काढून डोकं खाजवलं. ट्रेलर संपल्यावर त्यांच्यातला म्हातारा उठला आणि हणमंतला म्हणाला, "बरं. पैला कोण आला?"

*

मोबाइलवर ट्रेलर टाकला तेव्हा अमोल दर पाच मिनिटांनी आकडा बघायचा. खाली ‘ग्रुप बुकिंगसाठी संपर्क’ म्हणून माझ्या दुकानाचा नंबर दिला होता. पहिल्या सकाळीच फोन वाजायला लागला. मी वही-पेन घेऊन बसलो.

"हॅलो, ते ट्रेलरमधी लाल ट्रॅक्टर हाय बघा, तो द्यायचा हाय का?"

दुसरा फोन. "टायर बदललेत का?"

तिसरा फोन. "मॉडेल कितीचं हाय?"

चूक माझीच होती. हिरॉइन बांधावरून रडत येते असा शॉट होता. लग्नात नवरी मांडवात आली की आम्ही स्लो मोशन करतो, त्या सवयीनं मी तो शॉट स्लो केला. हिरॉइन स्लो झाली, पण तिच्या मागं नांगरट करणारा ट्रॅक्टरही स्लो झाला. लोकांनी नट-बोल्टसुद्धा मोजून घेतले. खालच्या कॉमेंट वाचल्या तर हिरॉइनबद्दल एकच होती, ‘बाजूला सरका ताई, ट्रॅक्टर दिसत नाही.’

ट्रॅक्टर शूटिंगपुरता मागून आणला होता, इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा. आठवड्याच्या आत तो विकला गेला, आणि चांगल्या भावात! मालक पेढे घेऊन दुकानात आला. अमोलला दोन्ही हातांनी नमस्कार केला. म्हणाला, "तुमच्या ट्रेलरमधी ताकद हाय."

अमोलनं पेढा खाल्ला आणि विचारलं, "मग शुक्रवारी पिक्चरला येताय ना, घरच्यांना घेऊन?"

"आता कशानं येऊ?" मालक म्हणाला. "ट्रॅक्टर इकला की!"

*

यार्डाची आयडिया माझी होती आणि तिचा मला फार अभिमान होता. गाळपाचा हंगाम चालू होता. साखर कारखान्याच्या यार्डात उसाचे ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभे असतात. ड्रायव्हरला उठून जाता येत नाही आणि बघायलाही काही नसतं. असा प्रेक्षक मुंबईत पैसे देऊन मिळणार नाही, असं मी अमोलला सांगितलं. सकाळी व्हॅन लावली ती ऊन कलेपर्यंत हलवली नाही.

दुपारी तर मजा आली. ट्रेलर सुरू झाला की सगळे ड्रायव्हर डायलॉग बरोबरीनं म्हणायला लागले. ‘पाणी माझं हाय, पोरगी तुझी हाय!’ हे वाक्य पन्नास जण एका सुरात म्हणत होते. अमोलच्या अंगावर काटा आला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

निघताना अमोल एका ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मग दादा, शुक्रवारी बारामतीला यायचं पिक्चर बघायला."

"बघितला की."

"तो ट्रेलर हाय. अडीच मिनिटांचा."

"चाळीस येळा बघितला," ड्रायव्हर म्हणाला. "शंभर मिन्टं झाली. पिक्चर केवढा हाय?"

"दोन तासांचा."

त्यानं शेजारच्या ड्रायव्हरकडे बघितलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "वीस मिन्टं ऱ्हायली फकस्त. व्हॅन उद्या परत आणा, ती बी बघून टाकतो!"

*

बुधवार उजाडला तरी बुकिंग म्हणावं तसं नव्हतं. अमोल जेवायचा बंद झाला होता. मला त्याची काळजी वाटायला लागली, कारण चिलिंग सेंटर वाईट नाही, पण या पोराला ते मानवणार नव्हतं.

मग मी माझं लग्नाचं शहाणपण काढलं. लग्नाच्या व्हिडिओत जो दिसतो तोच व्हिडिओ मागायला येतो. म्हणून मी प्रत्येक गावासाठी ट्रेलरची शेवटची वीस सेकंदं बदलली. कऱ्हाटीच्या ट्रेलरमध्ये कऱ्हाटीची माणसं, बावड्याच्या ट्रेलरमध्ये बावड्याची. प्रत्येक गावाचा वेगळा पेनड्राइव्ह केला, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि हणमंतच्या ताब्यात दिले. हणमंतनं ते सगळे तंबाखूच्या पिशवीत ठेवले. चिठ्ठ्या तिथंच सुटल्या.

बावड्याला बाजारतळावर व्हॅन लावली. गर्दी छान जमली होती. आपली माणसं दिसणार म्हणून लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे होते. आणि पडद्यावर लागली कऱ्हाटीची वरात!

अमोलनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून नामदेवराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ काठी आपटत पुढं आले.

"थांबीव ते! मागं घे."

हणमंतनं मागं घेतलं.

"हां, हितं थांबीव. तो केशरी फेट्यावाला, हात वर करून नाचतोय त्यो. त्यो माझा जावाय हाय."

लोक म्हणाले, "व्हय की! जावायच हाय."

"हे शूटिंग कवाचं?"

हणमंतला खोटं बोलता येत नाही. "अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी."

नामदेवराव लोकांकडे वळले. "त्याच दिवशी माझ्या घराची वास्तुशांत! जावायाचा फोन आला, मामा, कंबर धरलीया, कुशीवर वळता येत न्हाय. ही कंबर बघा! बघा सगळ्यांनी!"

लोकांनी ती कंबर सहा वेळा लावायला लावली. सहाव्या वेळेनंतर नामदेवरावांनी अमोलला विचारलं, "पिक्चरात ही कंबर किती येळ हाय?"

"तीन मिनिटं असंल," अमोल घाबरत म्हणाला.

"शनिवारची बारा तिकिटं ठेवा. आख्खी भावकी आणतो. जावायाला बी आणतो, आन् शेजारी बसवून दाखवतो!"

परतीच्या रस्त्यावर हणमंत म्हणाला, "बावड्याचा कऱ्हाटीत लावू का?"

लावला. कऱ्हाटीतून अठरा तिकिटं गेली. आपलं गाव बघायला लोक येतात की नाही ते मला अजून कळलेलं नाही, पण सोयऱ्यांचं गाव बघायला नक्की येतात.

*

आता पणदऱ्याचं. गुरुवारी सकाळी थिएटरचे मॅनेजर काझीसाहेब यांचा फोन आला. शनिवार-रविवारचं थोडंफार बुकिंग होतं, पण उद्याच्या पहिल्या शोला कुणीच नव्हतं. आणि पणदऱ्यातून तर तिन्ही दिवसांत एकही तिकीट नाही! डायरेक्टरचं स्वतःचं गाव! ट्रेलर तर गावात प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर होता, निम्म्या गावानं स्टेटसला ठेवला होता.

आम्ही तसेच पणदऱ्याला गेलो. डेअरीच्या ओट्यावर शंकरआबा बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, गावातलं कुठलंही कार्य त्यांना विचारल्याशिवाय होत नाही.

"आबा, ट्रेलर बघितला का?" अमोलनं विचारलं.

"बघितला की. झ्याक हाय."

"मग उद्या येताय ना?"

"न्हाय."

"का?"

"आवतण कुठं हाय?"

"आबा, मोबाइलवर धाडलं होतं की सगळ्यांना."

"मोबाइलवर दिसभर काय बी येतंय, लॉटरी लागली म्हणून बी येतंय," आबा म्हणाले. "गावातल्या पोराचं कार्य, आन् उंबऱ्याला कुणी आलं न्हाय. बिनआवतणाचं कोण जाईल? आमाला काय मान हाय का न्हाय?"

मला लाज वाटली. एकोणीस वर्षं लग्नाच्या धंद्यात, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. दोन तालुक्यांत पडदा फिरवला, पण या गावात हात जोडून कुणी गेलंच नव्हतं.

गावातल्या दुकानातून तांदूळ आणि कुंकू घेतलं, अक्षता केल्या. पुढं अमोल, मागं मी, त्याच्या मागं आवाज बंद करून व्हॅन. दारोदार गेलो. चार घरं झाल्यावर मी अमोलला म्हणालो, नुसतं या म्हणू नकोस, चूलबंद आवतण दे. म्हणजे घरातल्या लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. अमोलनं तसं सांगायला सुरुवात केली आणि लोकांचे चेहरेच बदलले. म्हाताऱ्या बायका त्याच्या गालावरून हात फिरवायला लागल्या. दिवे लागायच्या आत सगळं गाव झालं. शेवटी एकच दार राहिलं, त्याचं स्वतःचं.

"चल की," मी म्हणालो.

"तात्या असतील घरी," अमोल म्हणाला. "आन् आपल्याच घरात काय आवतण द्यायचं?"

आम्ही वळलो.

शुक्रवारी साडेअकराला थिएटरसमोर पहिली पिकअप थांबली. मग दुसरी, मग तीन जीप, मग दुधाचा टेम्पो. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, म्हातारे फेटे बांधून, पोरं पावडर लावून! आख्खं पणदरे उतरलं. अमोल दारात उभा होता आणि रडू आवरत होता. शंकरआबांनी त्याच्या हातात टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. पाठोपाठ सगळ्यांनी दिलं. थोड्या वेळात त्याच्या हातात टोप्यांचा ढीग हनुवटीपर्यंत आला. मी मनातल्या मनात म्हणालो, जिंकलो!

तेवढ्यात काझीसाहेब आले आणि मला बाजूला घेतलं. "राजाभाऊ, खिडकीवर एक माणूस नाही."

"म्हणजे?"

"सगळे थेट आत चाललेत. दारावरचा माणूस तिकीट विचारतो, तर ते आबा म्हणतात, आवतण आहे."

मी आत डोकावून बघितलं. थिएटर भरलं होतं. लोक पंगतीला बसल्यासारखे घराघरानं बसले होते. आबांनी मला हाक मारली आणि दबक्या आवाजात विचारलं, "पंगत इंटरवलला हाय का सुटल्यावर? लेकरं न जेवता आल्यात."

चूलबंद हा शब्द मीच दिला होता.

काझीसाहेब भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "तिकिटाशिवाय मला पिक्चर लावता येत नाही, माझी नोकरी जाईल. आणि आज खिडकीवर काहीच नसेल तर सोमवारचं मी वर काय सांगू?"

बारा वाजून गेले होते. मी अमोलला म्हणालो, "मी सांगतो आबांना समजावून."

"न्हाय राजाभाऊ," टोप्यांच्या मागून अमोल म्हणाला. "काल ज्यांच्या उंबऱ्यात हात जोडून उभा ऱ्हायलो, त्यांना आज पैसे काढा म्हणू? पिक्चर गेला तर जाऊ दे. सोमवारी जातो मी सेंटरवर."

त्याचं ते बोलणं ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. म्हणून मागून आलेला आणखी एक टेम्पो सगळ्यांच्या आधी मला दिसला. टेम्पोत भाताची पातेली, आमटीचा हंडा आणि बुंदीची टोपली होती. पुढच्या सीटवरून तात्या उतरले. धोतर, पांढरा सदरा, हातात पिशवी. ते सरळ अमोलसमोर आले.

"चूलबंद म्हणलास गावाला. मग चूल कुणी पेटवायची?"

तात्या उत्तरासाठी थांबलेही नाहीत. ते मोकळ्या खिडकीपाशी गेले आणि पैसे आत सरकवले.

"एक द्या."

काझीसाहेब धावत खिडकीपाशी गेले. "तात्या, तुम्ही डायरेक्टरचे वडील. तुम्हाला कसलं तिकीट?"

"आवतण गावाला हाय," तात्या म्हणाले. "माझ्या दारात कुणी आलं न्हाय."

त्यांना तिकीट मिळालं. पिक्चर का सुरू होत नाही ते बघायला शंकरआबा तेवढ्यात बाहेर आले होते. तात्यांच्या हातातल्या तिकिटाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग दारात गेले, आत तोंड करून ओरडले, "बाहीर या सगळी!" आणि स्वतः येऊन तात्यांच्या मागं उभे राहिले. हळूहळू सगळं थिएटर रिकामं झालं आणि रांग रस्त्यापर्यंत गेली. हणमंतला व्हॅन पुढं घ्यावी लागली.

तात्या मात्र खिडकीवरून हलेनात.

"तुमचं झालं ना, तात्या?" काझीसाहेब म्हणाले. "मागं रांग आहे."

"सोमवारची दोन द्या. सहाची."

"सोमवारी पिक्चर राहतो का नाही ते अजून ठरलेलं नाही."

"ठरवा मग. मी हाय हितं उभा."

काझीसाहेबांनी रांगेकडे बघितलं. मग तिकिटांच्या गठ्ठ्याला हात घातला. "दोन कुणाची?"

"एक माझं," तात्या म्हणाले. "आन् एक तो टोप्या घिऊन उभा हाय, त्याचं."